कंप पावणाऱ्या पत्र्यातला तरंग-संक्षोभ मोजताना : चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा पार पडली आणि चौदा महिने ज्या एका पत्र्याभोवती माझे दिवस फिरत होते, त्याच्याविषयी निवांतपणे लिहायला अखेर सवड मिळाली. काम सुरू केले तेव्हा या विषयावरचे शोधनिबंध मिळाले, समीकरणे मिळाली, आलेखही मिळाले. मात्र पत्रा टांगायला किती आठवडे लागतात, कोणकोणते अर्ज भरावे लागतात आणि आकडे जुळेनासे झाले की आधी कशावर संशय घ्यायचा, हे कुठेच लिहिलेले नव्हते. हा प्रयोग पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या कुणाला त्याबाबत थोडा आधार मिळावा, म्हणून सगळे ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने सांगते.

आधी विषयाची थोडी ओळख करून देते. पातळ धातूचा मोठा पत्रा टोकाला धरून जोरात हलवला की ढग गडगडल्यासारखा आवाज येतो, आणि म्हणूनच नाटकात मेघगर्जनेसाठी असा पत्रा वापरला जातो. हात सेकंदाला जेमतेम दोन-तीन वेळा हलतो, तरीही कानावर शेकडो आणि हजारो हर्ट्झचे आवाज येतात. ही वरची वारंवारता कुठून आली, हा या विषयाचा मूळ प्रश्न आहे. कंपने अगदी लहान असतात तेव्हा पत्रा फक्त वाकतो आणि त्यावरचे तरंग एकमेकांना न छेडता आरपार निघून जातात. मात्र कंपनांचा आयाम, म्हणजे पत्रा मधल्या जागेपासून जास्तीत जास्त किती हलतो ते अंतर, पत्र्याच्या जाडीच्या आसपास पोहोचला की पत्रा वाकताना ताणलाही जाऊ लागतो. त्या ताणामुळे तरंग एकमेकांत गुंततात, ऊर्जेची देवाणघेवाण करतात, आणि लांब तरंगांना दिलेली ऊर्जा पायरीपायरीने आखूड तरंगांपर्यंत उतरत जाते. वाहत्या पाण्यात मोठे भोवरे फुटून लहान भोवरे होतात, तशीच ही उतरंड आहे. फरक एवढाच की इथे भोवऱ्यांच्या जागी तरंग असतात. यालाच तरंग-संक्षोभ म्हणतात.

वाकणे आणि ताणणे एकत्र मांडणारी समीकरणे जुनी आहेत. ऑगस्ट फॉपल यांनी १९०७ मध्ये आणि थिओडोर फॉन कारमान यांनी १९१० मध्ये ती दिली. अनेक तरंगांच्या अशा गर्दीचा संख्याशास्त्रीय सिद्धांत व्लादिमीर झाखारोव्ह आणि इतरांनी १९६० च्या दशकात उभा केला, पण तो पत्र्याला लावला गेला तो थेट २००६ मध्ये. ग्युस्ताव्हो ड्यूरिंग, क्रिस्तोफ जोसराँ आणि सर्जिओ रिका यांनी दाखवले की पत्र्याच्या वेगाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा वाटा किती हे दाखवणारा आलेख, जवळजवळ सपाट असायला हवा, त्यात लॉगॅरिदमची फक्त एक हलकी दुरुस्ती असेल, आणि पुरवलेल्या शक्तीच्या एकतृतीयांश घाताने त्याची उंची वाढेल. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, दोन स्वतंत्र प्रयोग एकाच नियतकालिकात एकापाठोपाठ छापून आले. एक बुदाउद, कादो, ओदिय आणि तूझे यांचा आणि दुसरा निकोला मोर्दाँ यांचा. दोन्ही प्रयोगांत ऊर्जेची उतरंड स्पष्ट दिसली, पण स्पेक्ट्रम सिद्धांताने सांगितलेल्यापेक्षा अधिक उतरता निघाला. तोच प्रयोग स्वतःच्या हातांनी करून तो उतार मोजायचा, एवढेच माझ्या प्रस्तावात लिहिलेले होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रस्ताव दिला. तीन पानांच्या त्या प्रस्तावाला सहा पानांची परिशिष्टे जोडावी लागली. पहिले परिशिष्ट टांगलेल्या वजनाच्या सुरक्षिततेचे होते. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे वजन सुमारे ७.८ किलो भरते, हे हिशेबासकट दाखवून चौकट त्याच्या कितीतरी पट वजन पेलू शकते असे प्रमाणपत्र कार्यशाळेकडून आणावे लागले. दुसरे लेझरविषयी होते. पत्र्याचा वेग मोजणारा लेझर व्हायब्रोमीटर सहसा दुसऱ्या वर्गात मोडतो, म्हणजे त्याची दृश्य किरणे एक मिलिवॅटच्या आतली असतात, आणि तेवढे एक वाक्य नेमके लिहिले तर हे परिशिष्ट चटकन मंजूर होते. मी ते लिहिले नव्हते, म्हणून माझा अर्ज तीन आठवडे पडून राहिला. तिसरे परिशिष्ट आवाजाचे होते, आणि सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला. शेजारच्या दोन प्रयोगशाळांची लेखी संमती मिळवावी लागली आणि मोठ्या आयामाची मोजमापे संध्याकाळी सहानंतरच करण्याची अट स्वीकारावी लागली. खोलीतला आवाज ८५ डेसिबलच्या वर जाणार असेल तर कानांना संरक्षण लागते, आणि या पत्र्याजवळ तो सहज तेवढा चढतो. कानावरचे आवरण पहिल्याच दिवशी मागून घ्या, नंतर ते मिळेपर्यंत काम थांबते.

खर्चाचे आकडे इथे दिले तरी ते दुसऱ्या ठिकाणी लागू पडणार नाहीत, पण प्रमाण सांगता येईल. सगळ्या सामानात पत्रा सर्वांत स्वस्त होता, व्हायब्रोमीटर सर्वांत महाग. तो विकत घेण्याचा विचारही न करता दुसऱ्या गटाकडून ठरावीक तासांसाठी मागून घेतला. मंजूर रकमेतला मोठा भाग पत्रा हलवणारे यंत्र म्हणजे शेकर, त्याचा अँप्लिफायर आणि बल मोजणारा सेन्सर यांवर गेला.

सप्टेंबरच्या अखेरीस पत्रा आला. तो गुंडाळीतून कापलेला होता आणि वाहतुकीत त्याचा एक कोपराही दुमडला होता. दिसायला ती किरकोळ गोष्ट होती आणि मी तसाच टांगायला निघाले होते, पण कार्यशाळेतल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी तो उभा धरायला लावला, एका कडेवर डोळा टेकवून लांबवर पाहिले आणि म्हणाले, “याला पोट आहे. हा परत पाठवा.” त्यांचे म्हणणे भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही किती नेमके होते, ते मला पुढे कळले. सपाट पत्र्याला वर आणि खाली सारखेच असते, त्यामुळे त्याच्या समीकरणांत तीन तरंगांची परस्परक्रिया उरत नाही आणि ऊर्जेची देवाणघेवाण चार-चार तरंगांच्या गटांतून होते. पत्र्याला मुळातच बाक असेल तर ही सममिती मोडते, तीन तरंगांच्या क्रिया शिरतात आणि सिद्धांताशी तुलना करण्याचा आधारच डळमळतो. याची एक साधी परीक्षा आहे. पत्रा ३० हर्ट्झवर अगदी हलकेच हलवायचा आणि स्पेक्ट्रममध्ये ६० आणि ९० हर्ट्झची शिखरे पाहायची. ६० चे शिखर ९० च्या शिखरापेक्षा ठळक असेल, तर पत्र्याला बाक आहे किंवा शेकर स्वतःच विकृत सिग्नल देतो आहे. कोणताही पत्रा पूर्ण सपाट नसतो, हे खरे. पण किती चालेल याचा अंदाज या परीक्षेतून येतो. बदलीचा पत्रा यायला पाच आठवडे लागले. या वेळी मागणीपत्रात “सपाट केलेला, लाकडी फळ्यांत बांधून” असे शब्द मी मुद्दाम घातले. आणि हातमोज्यांशिवाय या पत्र्याला हात लावू नका, अर्ध्या मिलिमीटरची कड पात्याइतकीच कापते.

नोव्हेंबरमध्ये पत्रा टांगला. वरच्या कडेला दोन ठिकाणी चिमटे, बाकी तिन्ही कडा मोकळ्या. शेकर वेगळ्या, जड बैठकीवर ठेवला, कारण तो पत्र्याच्याच चौकटीला जोडला तर चौकट हलते आणि मोजमापात तिचीच गाणी ऐकू येतात. शेकर आणि पत्रा यांच्यामध्ये एक बारीक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला बल व त्वरण मोजणारा सेन्सर. बल आणि त्या बिंदूचा वेग यांच्या गुणाकाराची सरासरी म्हणजे पत्र्याला मिळणारी शक्ती. ही दांडी पत्र्याला काटकोनात नसेल तर ती पत्र्याला बाजूलाही ओढते. माझी दोन अंशांनी कलली होती आणि ते लक्षात यायला आठ दिवस गेले.

त्याच महिन्यातली एक संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. पत्रा अजून रंगवलेला नव्हता, आरशासारखा चकचकीत होता, आणि त्यात छताच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब एका सरळ पांढऱ्या रेघेसारखे दिसत होते. शेकर ३० हर्ट्झवर सुरू करून मी शक्ती हळूहळू वाढवत गेले. सुरुवातीला रेघ नुसती डोलत होती आणि खोलीत एक खालचा घुमार होता. आणखी वाढवल्यावर रेघेला दोन-तीन ठिकाणी वळसे पडले, घुमारात दुसरा सूर मिसळला, तो मंदपणे वरखाली होऊ लागला. या टप्प्यावर पत्र्याचे काही मोजकेच कंपनप्रकार, म्हणजे त्याच्या कंप पावण्याच्या स्वाभाविक तऱ्हा, एकमेकांशी जोडले गेलेले असतात. मी नॉब किंचित पुढे नेला आणि रेघ तुटली. तिचे तुकडे झाले, तुकड्यांचे ठिपके झाले, आणि बघता बघता सगळ्या पत्र्यावर दुधट, थरथरणारा उजेड पसरला. आवाजाचा सूर हरवला. झांजेवर जोरात आघात केल्यावर क्षणभराने जो सळसळता झणत्कार उठतो, तसा पण न संपणारा गडगडाट खोलीत भरला. मी देत होते फक्त ३० हर्ट्झ, आणि पडद्यावरचा स्पेक्ट्रम दोन हजार हर्ट्झपर्यंत सलग भरलेला दिसत होता. शक्ती वाढवली की त्याचे वरचे टोक आणखी पुढे सरकत होते. इतके दिवस कागदावर वाचलेली उतरंड डोळ्यांनी आणि कानांनी एकाच वेळी अनुभवली, आणि त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

त्यानंतरचे तीन महिने फार कठीण गेले. डिसेंबर ते फेब्रुवारी मी मोजमापे घेत राहिले. प्रत्येक नोंद दहा मिनिटांची, शक्तीच्या सात पायऱ्या, पत्र्यावरच्या पाच जागा. वेगाचा स्पेक्ट्रम सपाट यायला हवा होता, माझा मात्र वारंवारतेच्या साधारण उणे अर्ध्या घाताने उतरत होता. शक्ती आठपट केली तर सिद्धांतानुसार त्याची उंची दुप्पट व्हायला हवी. माझी तिपटीहून जास्त वाढत होती. २००८ च्या दोन्ही प्रयोगांतही असेच काहीसे दिसले होते, हे मला माहीत होते. तरीही ते त्यांचे खरे निरीक्षण आणि माझी ती चूक, असेच मनात बसले होते. नवख्या माणसाचे असे होते. आपले आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी जुळले तरी त्याला आनंद होत नाही, कारण पुस्तकातल्या सूत्राशी ते जुळलेले नसतात.

मी एकेका उपकरणावर संशय घेत गेले. लेझरचा ठिपका चकचकीत पृष्ठभागावर मधूनच हरवतो आणि वेगाच्या नोंदीत खोटे काटे उमटतात. ते काटे स्पेक्ट्रमच्या वरच्या टोकाला गोंगाटाची पातळी उचलतात. परावर्तक पट्टीचा नखाएवढा तुकडा चिकटवल्यावर काटे गेले, उतार तसाच राहिला. शेकरची विकृती तपासली, बलाचा स्पेक्ट्रम स्वच्छ निघाला. नोंदीचा वेग वाढवला, गाळणी बदलली, पत्र्यावरची जागा बदलली. कंपनप्रकार पुरेसे दाट नाहीत की काय, अशी शंका आली म्हणून हिशेब केला. या आकाराच्या पत्र्यात दर हर्ट्झमागे सरासरी १.३ कंपनप्रकार येतात आणि ही घनता वारंवारतेप्रमाणे बदलत नाही. म्हणजे १०० हर्ट्झपर्यंतच सुमारे १३० होतात, तेव्हा संख्येची कमतरता नव्हती. प्रत्येक तपासणीला आठवडा लागत होता आणि प्रत्येक आठवड्याच्या शेवटी तोच उणे अर्धा समोर येत होता. फेब्रुवारीच्या मध्यात मी प्रयोग सोडून निव्वळ गणिती काम घेण्याची परवानगी मागणारे पत्र लिहून ठेवले होते. ते दिले नाही, पण लिहिले होते, हे इथे नोंदवते. कारण त्या टप्प्यावर असलेल्या कुणाला आपण एकटेच आहोत असे वाटू नये.

मार्गदर्शक मॅडमनी तेव्हा वेगळेच काम पुढे केले. एका बिंदूचा वेग मोजून तरंग दिसत नाहीत, पूर्ण पृष्ठभाग बघा, असे त्या म्हणाल्या. त्यासाठीची पद्धत ताकेदा आणि मुतोह यांनी १९८३ मध्ये मांडली होती आणि २००९ मध्ये कोबेल्ली, मोर्दाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कंप पावणाऱ्या पत्र्यावर वापरली. पत्र्यावर प्रोजेक्टरने समांतर पट्टे पाडायचे, वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करायचे, आणि पट्टे किती सरकले यावरून प्रत्येक क्षणी प्रत्येक बिंदूची उंची काढायची. त्या प्रयोगात दिसले होते की ऊर्जा खरोखरच तरंगांच्या अपस्करण-वक्राला, म्हणजे तरंगाची लांबी आणि वारंवारता यांचे नाते दाखवणाऱ्या रेषेला, धरून असते, फक्त तो वक्र जोर वाढवल्यावर किंचित वर सरकतो आणि थोडा रुंदावतो.

कॅमेरा उसना मिळवण्यासाठी करारपत्र, विम्याचा दाखला आणि दोन स्वाक्षऱ्या लागल्या. त्यात पाच आठवडे गेले आणि कॅमेरा मिळाला फक्त बारा दिवसांसाठी, मार्चच्या उत्तरार्धात. पाच आठवडे हातावर हात ठेवून बसू नका. पट्ट्यांची रुंदी आधीच ठरवून ठेवा. अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी पत्र्यात १०० हर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे २२ सेंटिमीटर असते, आणि वारंवारता चौपट झाली की लांबी निम्मी होते. म्हणजे ४०० हर्ट्झला ११ आणि १६०० हर्ट्झला साडेपाच सेंटिमीटर. सर्वांत आखूड तरंगापेक्षा पट्टे बरेच बारीक हवेत. प्रोजेक्टरही आधी तपासा. फिरत्या रंगचक्राचा प्रोजेक्टर डोळ्यांना स्थिर दिसतो, पण सेकंदाला हजारो चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात तो लुकलुकतो. माझे पहिले दोन दिवस त्यातच वाया गेले.

या पद्धतीला चकचकीत पत्रा चालत नाही, तो पांढऱ्या मॅट रंगाने, म्हणजे अजिबात न चमकणाऱ्या रंगाने, रंगवावा लागतो. कॅमेरा येण्याच्या आदल्या आठवड्यात दोन हात मारले, तीन दिवस वाळू दिले, आणि सगळे जागेवर आहे ना एवढे पाहण्यासाठी व्हायब्रोमीटरने नेहमीची एक नोंद घेतली. शेकर तोच, शक्ती तीच, जागा तीच. उतार मात्र बदलला होता. उणे अर्ध्याच्या जागी आता तो उणे पाऊणच्या आसपास होता आणि स्पेक्ट्रमचे वरचे टोकही अलीकडे आले होते. पहिली प्रतिक्रिया धास्तीची होती, कारण कॅमेरा चार दिवसांवर आला होता आणि मीच पत्रा बिघडवला असे वाटले. रात्री उशिरा पत्र्याला बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली. रंगवण्याआधी तो कितीतरी वेळ गुणगुणत राहायचा. आता आवाज लवकर विझला. त्या टिचकीत उत्तर होते.

रंगाने पत्र्याचे अवमंदन, म्हणजे कंपने विझत जाण्याचे प्रमाण, वाढवले होते. २००६ च्या सिद्धांतात आणि त्याच्या संगणकीय पडताळणीत ऊर्जा फक्त अगदी आखूड तरंगांपाशी खर्च होते, मधल्या सगळ्या पायऱ्यांवरून ती न गळता खाली उतरते. खऱ्या पत्र्यात मात्र ती प्रत्येक पायरीवर थोडीथोडी गळते : चिमट्यांत, हवेत, धातूत, रंगात. मग वरच्या वारंवारतेपर्यंत पोहोचणारा ओघ वाटेतच आटत जातो आणि स्पेक्ट्रम सपाट न राहता उतरतो. दुसऱ्या दिवशी मॅडमना दोन्ही आलेख दाखवले तेव्हा त्यांनी २०१३ चा एक निबंध पुढे ठेवला. त्यात एका गटाने हेच जाणूनबुजून केले होते. पत्र्याला रंग देऊन, कडांना ऊर्जा शोषणाऱ्या पट्ट्या लावून अवमंदन वाढवत नेले होते आणि उतार त्याच्याबरोबर कसा बदलतो ते मोजले होते. २०१४ मध्ये मिकेल, अलेक्साकिस आणि मोर्दाँ यांनी संगणकावर उलट वाट धरली. मोजलेले अवमंदन घातल्यावर प्रयोगातला उतार मिळाला आणि मधल्या वारंवारतांवरचे अवमंदन काढत नेल्यावर सिद्धांताचा स्पेक्ट्रम परत आला. हे निबंध माझ्या यादीत पहिल्या दिवसापासून होते. ते मी वाचलेही होते, पण अवमंदन हा शेवटी लावायचा एक किरकोळ सुधारक आहे, अशा समजुतीने वाचले होते.

कॅमेऱ्याचे उरलेले दहा दिवस छान गेले. वक्रावर ऊर्जा दाटलेली दिसली, म्हणजे पत्र्यावर जे चालले होते ते तरंगांचेच होते, याची खात्री पटली. पण प्रबंधाचा विषय तोवर बदललेला होता.

एप्रिल आणि मे हे दोन महिने मी फक्त अवमंदन मोजले. हे काम सोपे दिसते आणि त्यात एक खाच आहे. शेकर बंद करून विझता आवाज नोंदवला, तर पहिल्या काही क्षणांत तरंग अजूनही एकमेकांना ऊर्जा देत असतात. एखाद्या वारंवारतेचा ऱ्हास त्या वेळी अवमंदनामुळे झाला की देवाणघेवाणीमुळे, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून आयाम जाडीच्या तुलनेत बराच लहान झाल्यानंतरचाच भाग वापरावा, किंवा सुरुवातच हलक्या टिचकीने करावी. वारंवारतेचे अरुंद पट्टे पाडून प्रत्येकाचा ऱ्हासकाल, म्हणजे कंपन विझायला लागणारा वेळ, काढला. माझ्या पत्र्याचा ५०० हर्ट्झजवळचा ऱ्हासकाल रंगापूर्वी साधारण अर्धा सेकंद होता, रंगानंतर त्याच्या निम्म्याहून कमी. रंगापूर्वीची नोंद हाती होती ती निव्वळ योगायोगाने, नोव्हेंबरमध्ये चिमटे तपासताना घेतलेली. ती नसती तर तुलना करायला दुसरा पत्रा मागवावा लागला असता आणि आणखी पाच आठवडे गेले असते.

सिद्धांत लागू पडायचा तर तीन काळ एकमेकांपासून दूर असावे लागतात. तरंगाचा आवर्तकाल सर्वांत लहान, देवाणघेवाणीचा काळ त्याहून खूप मोठा, आणि अवमंदनाचा काळ त्याहूनही खूप मोठा. ५०० हर्ट्झचा आवर्तकाल दोन मिलिसेकंद, म्हणजे पहिली पायरी निर्धास्त होती. दुसऱ्या पायरीवर जागाच उरत नव्हती. पहिल्याच आठवड्यात हे तीन आकडे एका कागदावर लिहिले असते, तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मी सेन्सरवर संशय घेत बसले नसते. या लेखातले एकच काम कुणी करणार असेल तर ते हे करावे : शेकर जोडण्याआधी, पत्रा मोकळा असताना, त्याचा ऱ्हासकाल मोजून ठेवावा, आणि चिमटा, सेन्सर, पट्टी, रंग यांपैकी काहीही जोडले की तो पुन्हा मोजावा.

जून-जुलैमध्ये मी लहानसे संगणकीय प्रतिरूप चालवले. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मोजलेले अवमंदन घातल्यावर माझे दोन्ही उतार ढोबळमानाने मिळाले, काढल्यावर स्पेक्ट्रम सपाटीकडे सरकला. प्रत्येक फेरीला दोन दिवस लागत होते.

ऑगस्टमध्ये प्रबंध दिला. त्यासोबत उपकरणे परत केल्याचे चार दाखले, विदेची प्रत जमा केल्याची पावती आणि मूळ प्रस्तावापासून विषय का बदलला याचे एक पानी स्पष्टीकरण द्यावे लागले. हे स्पष्टीकरण लिहायला मी घाबरत होते. मॅडमनी ते दोनदा परत पाठवले, कारण त्यात मी माफी मागितली होती. तिसऱ्या खेपेस फक्त काय मोजले आणि का मोजले एवढेच ठेवले आणि ते मंजूर झाले. तोंडी परीक्षा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. पहिलाच प्रश्न होता, “रंगापूर्वीचा ऱ्हासकाल तुमच्याकडे कसा आला?” योगायोगाने आला, असे मी खरेच सांगितले, आणि नोव्हेंबरच्या वहीचे ते पान पुढे केले.

पत्रा अजून तिथेच टांगलेला आहे, पुढच्या विद्यार्थ्यासाठी. परवा तो सोपवताना खालच्या डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्या रंगावर पेन्सिलने, मी जाडी आणि वजन लिहिले, आणि त्याखाली १००, ५०० आणि १००० हर्ट्झचे ऱ्हासकाल, रंगापूर्वीचे आणि नंतरचे, मोजल्याच्या तारखांसह.